एका सिनेमात नऊ भुतं

माहेरच्या माणसाला नाही म्हणायचं कसं, हे जिला जमलं त्या बाईचा सत्कार करायला हवा. ज्योत्स्नाला काही ते जमलं नाही. म्हणून तर तिच्या सत्तर मिनिटांच्या सिनेमात नऊ भुतं झाली.

सुरुवात एका हडळीपासून होती, तीही साधीसुधी. जळगावात पिंप्राळ्याला बसून लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ जोडता जोडता ज्योत्स्नाच्या मनात आलं, अहिराणीत जो तो हसवायलाच बसलाय, आपण एक भीतीचा सिनेमा करू. दिवाळीत कॅमेरा घेऊन ती साक्रीकडच्या माहेरी गेली. झुंबरबाई काकूंनी ओसरी दिली आणि हडळही त्याच झाल्या. इथवर झकास. मग हेमराजकाकांनी मक्याचं शेत दिलं आणि हळूच म्हणाले, "आमना ईश्वरले बी घे ना व." झाला त्यांचा पोरगा ईश्वर मक्यातला चकवा! पंडितभाऊंनी जनरेटर दिला, तर त्यांचा भाचा अंगाला चंदेरी कागद गुंडाळून परग्रहावरून उतरला. बैलजोडी देणाऱ्याच्या घरातून वेताळ निघाला. चुलतभाऊ योगराज नाशकात शिकतो, त्याने वस्तू काही दिली नाही, कल्पना दिली: गावची विहीर म्हणजे भूतकाळात जायचा रस्ता. घ्या! असं करता करता आठ भुतं झाली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय उगाच?

आणि शेवटी भाईदासनाना, ज्योत्स्नाचे वडील. गावात दरसाल भोवाडा होतो. मुखवटे लावून देवादिकांची, राक्षसांची सोंगं संबळाच्या तालावर नाचतात. नानांनी त्यात तीस वर्षं राक्षस नाचवला होता. गुडघे गेले तसं ते बंद झालं. त्यांनी पोरीकडे मागितलं काहीच नाही, नुसते माळ्यावरचा मुखवटा काढून पुसत बसले. पोरीने कॅमेरा त्यांच्याकडे वळवला. नववं भूत ते.

सिनेमा दाखवायचा होता अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मारुतीसमोरच्या पटांगणात. त्या सणाला गावच्या झाडून साऱ्या लेकी माहेरी येतात. त्या गर्दीतला एक तरी माणूस खरोखर घाबरावा, एवढीच ज्योत्स्नाची इच्छा होती. गाव हसलं असतं तर सहा महिन्यांची मेहनत मातीत, आणि वर पुढच्या अखाजीपर्यंत टोमणे.

अखाजीच्या आठ दिवस आधी नाना तिला न्यायला मुऱ्हाळी म्हणून पिंप्राळ्याला आले. तिने त्यांना आणि नवऱ्याला, हितेंद्रला, लॅपटॉपसमोर बसवलं. विसाव्या मिनिटाला वेताळ विहिरीतून निघाला, चंदेरी भाच्याला धडकला आणि दोघांच्या मधून चकवा पळाला. हितेंद्रला शेव खाता खाता ठसकाच लागला.

"अगं, हा कोण कोणाला खातोय?" त्याने डोळे पुसत विचारलं. "एक ना धड, भाराभर चिंध्या!"

ज्योत्स्नाने लॅपटॉप बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. चांगली हुंदके देऊन रडली. नवऱ्याचा राग होताच, पण तो खरं बोलला याचा जास्त होता.

नाना मागोमाग आले आणि पाटावर टेकले. "भोवाडामा पन्नास सोंगं ऱ्हातस," ते म्हणाले. "पन एक येस, नाचस, चालनं जास. मंग दुसरं. तुन्हा पिच्चरमा बठ्ठा एकदमच घुसनात. मानूस भ्याई कोनले?"

"मग काय करू? काढून टाकू आठ जणांना? गावात पाय ठेवू देतील मला?"

"पहिलं मन्हं सोंग काढ."

"नाना, नाही हं!"

"काढ व. मंग बाकीनासले सांगाले मले तोंड ऱ्हाई."

ती लॅपटॉपपाशी बसली. राक्षसाचा प्रसंग पडद्यावर आला, तोच मुखवटा, तीच झोकदार मान, फक्त पावलं थोडी जड. तिचं बोट काही बटणावर पडेना. नाना शेजारी उभे राहून स्वतःलाच बघत होते.

"बरा नाचनू ना मी?"

"लई बरे, नाना," ती म्हणाली आणि तिने तो प्रसंग काढून टाकला. मग बाकीची सातही काढली, विहीरही बुजवली. उरली फक्त झुंबरबाई काकूंची ओसरी.

गावी पोचल्यावर नाना घरोघर गेले. काय बोलले ते त्यांनाच ठाऊक, पण हेमराजकाका दोन दिवस फुगून बसले आणि तिसऱ्या दिवशी ईश्वरचा पोशाख धुवायला काढला. कारण नानांनी ठरवलं होतं की सिनेमाआधी आठही सोंगं पटांगणात उतरतील, संबळावर, एकेक करून.

अखाजीच्या संध्याकाळी तसंच झालं. चंदेरी भाचा आला तेव्हा बायांनी अशा शिट्ट्या मारल्या की पंडितभाऊंची कॉलर आपोआप ताठ झाली. शेवटी राक्षस निघाला. गुडघ्यांना पट्टे बांधून नाना दोनच फेऱ्या नाचले, पण सारं पटांगण उठून उभं राहिलं. ज्योत्स्नाने टाळ्या वाजवून हात लाल केले.

मग पडदा उजळला. हसून हसून दमलेली माणसं शांत बसली. नाना घाम पुसत लेकीजवळ येऊन टेकले. पडद्यावर ओसरी आली. झुंबरबाई काकू पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडत होत्या. ना केस मोकळे, ना पाय उलटे. बराच वेळ काही घडलंच नाही. मग त्या न वळताच, अगदी मायेने म्हणाल्या, "जेवनी का, पोरी?" आणि ओसरीवर दुसरं कोणीच नव्हतं.

खऱ्या झुंबरबाई काकूंच्या शेजारी बसलेल्या दोघी हळूच सरकून बसल्या. तेवढ्यात कोणीतरी ज्योत्स्नाचं मनगट असं गच्च धरलं की काकणं रुतली.

"नाना, हात सोडा ना."

"थांब व माय," तीस वर्षांचा राक्षस पडद्यावरची नजर न काढता पुटपुटला. "पहिले तिले जाऊ दे."