काळ्या ठिपक्यातला मंगळ

लेकाचं, जयसिंगाचं वागणं बायडाबाईंच्या डोक्यात गेलं होतं. सून ऋतुजाचं मूल पोटातच गेलं. तिच्या उशाशी बसायचं सोडून हा बाप्या तिचं नाव घेऊन वैजनाथ महाराजांकडे पळाला. परत आला तो रंग फुटलेली कागदाची पट्टी दाखवत, ‘तुझ्यात मंगळ हाय, तोच गर्भ खातो’ म्हणत. ऋतुजा शाळेत विज्ञान शिकवणारी. ‘अहो, तो शाईचा गुण आहे,’ म्हणाली. उलट बोलली म्हणून अंगावरचं दूध आटायच्या आत तिला खडकीला माहेरी टाकून आला. बायडाबाई तेव्हा लेकीकडे सासवडला होत्या.

“तू डोळ्यांनी बघ, मग बोल,” म्हणत तो आईलाच घेऊन गेला.

सिंहगड रोडवरचं महाराजांचं कार्यालय माणसांनी गच्च भरलेलं. महाराजांनी टीपकागदाच्या पट्टीवर पेनानं काळा ठिपका दिला, एका बाईचं नाव उच्चारलं, पट्टीचं टोक चांदीच्या वाटीत सोडलं. पाणी कागदावर चढत ठिपक्यापाशी आलं आणि काळा रंग फुटला. वर निळा, मध्ये पिवळा, खाली तांबडा.

“शनी, गुरू, मंगळ,” महाराज म्हणाले. “माणूस खोटं बोलतं, माउली. कागद नाही.”

बाईनं पदर तोंडात कोंबला. मागच्या रांगेतले हात जोडून उठले.

शेजारीच शांती झालेल्यांची पट्टी होती. तिच्यावर निळा ठिपका. पाणी चढलं, तो पसरला, पण निळाच राहिला. दोष गेला म्हणे.

बायडाबाईंना घरची पांढरी चादर आठवली. स्वस्तातला काळा परकर तिच्यावर ओला पडला होता, तेव्हा असाच डाग पडला होता. कडेला निळा, आत तांबूस. परकराला कुठला आलाय मंगळ?

त्या उठल्या. “महाराज, आता तुमच्या नावाचा ठिपका द्या.”

“साधूला दोष नसतो.”

“मग भ्यायचं कशाला?”

महाराजांनी पेन मागं ओढला. बायडाबाईंनी तो हातातून काढून घेतला, शेजारचा निळा पेनही उचलला. एकाच पट्टीवर दोन ठिपके शेजारी दिले.

“नाव घ्या, आजी,” कुणीतरी म्हणालं.

“मोती. आमचं कुत्रं.”

त्यांनी पट्टीचं टोक वाटीत सोडलं, पाणी चढलं. काळ्यातून शनी, गुरू, मंगळ तिघंही निघाले. निळा निळाच राहिला. आधी एक पोरगी हसली, मग सगळं कार्यालय.

“काळ्यात तीन रंग कालवलेत,” बायडाबाई लोकांकडे वळून म्हणाल्या. “एक पाण्यासंगं धावतो, एक कागदाला चिकटून मागं राहतो. म्हणून वेगळे दिसतात. निळ्यात दुसरं काही नाहीच, तर फुटणार काय? शांती कसली, पेन बदलला ह्यानं. डाग पडला तर तो कशाचा हाय ते बघावं, बायांनो. कुणाच्या नावानं पडला ते कशाला?”

महाराज आतल्या खोलीत गेले ते आलेच नाहीत.

बाहेर जयसिंगानं गाडीचं दार उघडलं. मान खाली. “आई, उद्या आणतो ऋतुजाला.”

“आणायला ती काय मार्केट यार्डातली गोणी हाय?” बायडाबाई गाडीत बसल्या नाहीत. “तिनं सांगितलेलं तुला पटलं नाही, कुत्र्याच्या नावानं पटलं. खडकीला जा. दारातच उभा राहा आणि चुकलो म्हण. आली तर तिच्या मनानं येईल. नाही आली तर मी तिला दोष देणार नाही. तिचं मूल गेलं, जयसिंगा, आणि त्याच वेळी नवराबी गेला. पहिल्याला इलाज नव्हता.”