डावीकडची चार बोटे

"आता याला सरकायला जागाच ठेवत नाही," असे म्हणत मिस्त्रींनी मॉनिटरच्या पाठीमागे नव्या केबलचे टोक खोचले आणि कमरेवर हात ठेवून टेबलाखालून बाहेर आले.

छापखान्यातल्या मांडणीवाल्या बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. औषधांच्या खोक्यांवरची लेबले त्या पडद्यावर मांडत. एका बाजूला केसभर जागा कमी-जास्त झाली तरी गिऱ्हाईक खोकी परत पाठवी. आणि गेला महिनाभर त्यांच्या मॉनिटरने उच्छाद मांडला होता. रोज सकाळी सुरू केला की पडदा क्षणभर काळा पडे, 'समायोजन सुरू आहे' अशी पाटी झळके आणि चित्र मनाला येईल तिकडे जाऊन बसे. मिस्त्रींची ही चौथी खेप होती. पहिल्या खेपेनंतर चार दिवस बरे गेले. पुढच्या दोन खेपांना त्यांनी बटणे दाबून चित्र उजवीकडे सरकवून दिले, तर बाईंचा लगेच फोन, की आता उजवीकडची कड कापली गेली. बाई फार किरकिऱ्या आहेत असे मिस्त्रींचे मत झाले होते. मिस्त्रींचे आता वय झाले असे बाईंचे. दोघांनीही ते पोटात ठेवले होते.

तीस वर्षे मिस्त्री पडदेच दुरुस्त करत आले होते. आधी काचेच्या नळीचे, उचलताना पाठ मोडणारे, मग हे पाटीसारखे चपटे. बाजारातल्या इतर दुरुस्तीवाल्यांना लोक इंजिनिअर म्हणत, यांना मात्र मिस्त्री. त्यांना त्याचे काही वाटत नसे. इंजिनिअर बदलून देतो, मिस्त्री दुरुस्त करतो, हे त्यांचे ठरलेले उत्तर होते.

आज त्यांनी दोष मुळापासून हुडकला होता. सुरू होताना संगणक नुसता काळोख पाठवी आणि जुन्या केबलवर मॉनिटरला चित्राची कड अंदाजाने शोधावी लागे. अंधारात भिंत चाचपडणाऱ्या माणसासारखा तो भलत्याच जागी हात टेकी आणि तिथेच चित्र बसवी. नव्या केबलमध्ये अंदाजाचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक ठिपक्याची जागा ठरलेली. कोणी सरकवू म्हटले तरी चित्र सरकणार नव्हते.

त्यांनी संगणक सुरू केला. पाटी आली नाही, चित्र हलले नाही. बाईंच्या कपाळावरची आठी महिन्याभरात पहिल्यांदा सैल झाली. मिस्त्रींनी तपासणीचे चित्र लावले. चारी कडांना पांढरी रेघ, मधोमध वर्तुळ. नेहमीप्रमाणे वर्तुळासमोर नाक येईल असे ते खुर्चीत बसले आणि नजर वर्तुळावर ठेवली.

डावीकडची रेघ नव्हती. चांगली चार बोटे चित्र कमी होते.

त्यांनी मॉनिटरच्या सेटिंगच्या यादीत जाऊन चित्र सरकवण्याची ओळ शोधली. ती फिकट पडलेली होती, दाबली जात नव्हती. म्हणजे केबल आपले काम चोख करत होती. बाई म्हणाल्या, आता अगदी बरोबर बसलेय.

"डावीकडे खाल्लंय अजून," मिस्त्री म्हणाले.

"नाही हो काका. चारी कडा दिसतायत."

मिस्त्रींनी मान वळवून डावीकडे पाहिले. रेघ होती, दोरीत धरल्यासारखी सरळ. त्यांनी नजर पुन्हा वर्तुळावर आणली. रेघ गेली. पाहिले की हजर, नजर हटली की पसार. असला लबाड बिघाड त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

त्यांनी शेजारच्या टेबलावरचा मॉनिटर मागून घेतला आणि तो जोडला. त्यावरही तीच चार बोटे गायब. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. दोन पडद्यांवर एकच खोड दिसली, की पडद्याला दोष देऊ नये, खोड मागे असते. हा धंद्यातला पहिला धडा होता. संगणक उघडावा लागेल, असे त्यांनी बाईंना सांगितले.

बाईंचा धीर आता सुटत चालला होता. स्वतःच्या टेबलावरची पोलादी पट्टी घेऊन त्या मिस्त्रींच्या डाव्या हाताला येऊन उभ्या राहिल्या. काचेवर पट्टी टेकल्याचा बारीक आवाज झाला. मिस्त्रींची नजर वर्तुळावरच होती.

"कडेपासून रेघेपर्यंत सहा मिलिमीटर," बाई म्हणाल्या. "उजवीकडेही सहाच भरेल, पैज लावा."

"आधी डावीकडे लावा ना पट्टी."

"लावलीय की. धरूनच उभी आहे."

मिस्त्रींनी मान वळवली. पट्टी होती. ती धरलेला बाईंचा हात होता, मनगटावर घड्याळ होते, बोटाला शाई लागलेली होती. त्यांनी सावकाश नजर वर्तुळावर नेली. पट्टी गेली, हात गेला, हाताबरोबर अख्ख्या बाईही गेल्या. तिथे काळा डाग नव्हता, धुके नव्हते, काहीच नव्हते. काही नाही हेसुद्धा दिसत नव्हते.

त्यांनी एक डोळा झाकून पाहिले, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांनी डावी बाजू तेवढीच गायब. आणि मग, अजून कोणीही काही सांगितलेले नसताना, त्यांना कळले. दोन पडद्यांवर एकच खोड.

बाईंनी दोनदा काय झाले म्हणून विचारले.

"मॉनिटर ठीक आहे बाई," ते शेवटी म्हणाले. "दोन्ही ठीक आहेत. माझ्या घरी जरा फोन लावता का?"

एवढे बोलल्यावर त्यांना स्कूटर आठवली. सकाळी भर गर्दीतून, शाळेच्या फाटकावरून, भाजीवाल्यांच्या रांगेला डावीकडे ठेवून ते स्कूटर चालवत आले होते. गेले कित्येक दिवस असेच येत-जात होते. खिशातून किल्ली काढून त्यांनी ती बाईंपुढे धरली. बाईंनी किल्ली घेण्याआधी त्यांचा हातच धरला.

बायको आली ती घरातल्या चपलांवरच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून डोळे उत्तम असल्याचे सांगितले आणि ताबडतोब डोक्याचा फोटो काढायला पाठवले. दुपारी मोठ्या डॉक्टरांनी तो त्यांच्या मॉनिटरवर लावून दाखवला. मिस्त्रींनी सवयीने आधी पडद्याच्या कडा पाहिल्या. मग त्यांना दिसला तो स्वतःचा मेंदू, आणि त्यात मागच्या बाजूला नखाएवढी काळपट जागा. डॉक्टर सांगत होते. रक्ताची बारीकशी गुठळी अडकली असणार, साधारण तीन आठवड्यांपूर्वी. मध्ये कधी डोके दुखले होते का? दुखले होते. एका दुपारी. उन्हाने असेल म्हणून मिस्त्री गोळी घेऊन कामावर गेले होते. पुन्हा तसे होऊ नये म्हणून औषधे चालू करायची होती आणि दोन दिवस इथेच राहायचे होते. गाडी मात्र चालवायची नाही.

"हे परत जागेवर येत नाही का?" मिस्त्रींनी विचारले.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. थोडेफार आपसूक सुधारले तर सुधारेल, एरवी मान वळवून बघायची सवय करावी लागेल.

बाहेर बाकावर बसल्यावर बायको कितीतरी वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. जेवताना ती नेहमी मिस्त्रींच्या डाव्या हाताला बसे. लग्न झाल्यापासूनची तिची जागा.

"तीन आठवडे मला वाटत होतं, तुम्ही माझ्यावर रागावलात," ती म्हणाली. "मी वाढायचे, तुम्ही बघायचाही नाहीत. मग मीही बोलणं सोडलं. म्हटलं, यांना नको, तर आपण तरी का..."

मिस्त्रींना डॉक्टरांचे बोलणे ऐकून बसला नव्हता असा धक्का आता बसला. बायको बोलत नाही हे त्यांच्या लक्षातच आले नव्हते.

तिसऱ्या दिवशी ते घरी आले आणि दुसऱ्याच सकाळी त्यांनी कामाची वही काढून मागितली. तीन आठवड्यांत ते नऊ ठिकाणी गेले होते. त्यातल्या किती ठिकाणी त्यांनी धडधाकट चित्र उजवीकडे ढकलले होते, हे त्यांनाच आठवत नव्हते. बायको म्हणाली, राहू द्या आता, कोण विचारायला येतेय. पण वही त्यांनी मिटली नाही. ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवायचे, तिथून वाचायचे, असे करत त्यांनी पहिला नंबर लावला.

बोलणे थोडक्यात होते. मी केलेले काम चुकलेय, माझ्या नजरेत दोष आहे, तुमचे चित्र उजवीकडे गेले असेल, कोणाकडून तरी नीट करून घ्या. औषधांच्या दुकानदाराने लक्षातच आले नव्हते म्हणून सांगितले. एका वकिलाने आधी दोन शब्द सुनावले आणि मग तब्येत विचारली. छापखान्यातल्या बाई म्हणाल्या, स्कूटर शेडमध्ये उभी केलीय आणि वरून कापड टाकलेय.

सहावा नंबर शाळेतल्या कारकुनाचा होता. बारा वर्षांचे गिऱ्हाईक. मिस्त्रींनी सगळे सांगितले. पलीकडून पंख्याचा आवाज येत होता.

"ते आम्ही तुम्ही गेल्यावर लगेच नीट केलं होतं," कारकून म्हणाला. "गेल्या आठवड्यातही केलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

मिस्त्रींनी बरे केलेत म्हणून सांगितले आणि फोन ठेवला. त्यांनी कारकुनाच्या नावापुढे, अगदी सरळ, एक बारीक खूण केली आणि बोट खालच्या ओळीवर नेले.