झेंडूकडची खिडकी

बडनेऱ्याच्या पुढे, अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून पंजाबरावांचा झेंडूचा मळा. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या पुण्यातल्या मुलाने, मनोजने, समोरच्या खोलीच्या सागवानी खिडकीला दुहेरी काच बसवून दिली. दोन काचा, मध्ये बंद हवा. ट्रकांचा आवाज येणार नाही, खोली तापणार नाही, असं तो म्हणाला होता, आणि ते खरंही निघालं. पण वऱ्हाडातल्या उन्हापुढे भलेभले हात टेकतात, तिथे काचेच्या कडेच्या चिकटपट्टीची काय कथा. ती सुटली, दोन काचांच्या मध्ये दमट हवा शिरली आणि खिडकी धुरकट झाली. आतून पुसा की बाहेरून पुसा, घाण मधल्या पोटात. तिथे कोणाचा हात पोचणार?

गुडघे धरल्यापासून पंजाबराव मळ्यात उतरत नव्हते. दिवसभर त्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. मनकर्णाबाईंच्या मनात मात्र चार-पाच महिन्यांपासून पाल चुकचुकत होती. नवऱ्याचा हात वरणाच्या वाटीवर जायचा तो ताटाच्या काठावर जायचा. चपला ते पायाने चाचपून शोधायचे. पंजाबरावांचे थोरले भाऊ उत्तमराव असेच हळूहळू आंधळे झाले होते, डोळ्यांची नस वाळून. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, गेलेली नजर परत येत नसते. वेळेवर आले असते तर उरलेली तरी वाचवली असती.

"अकोल्याले डोळ्याच्या डाक्टरले दाखवून येऊ," त्या म्हणायच्या.

"डोळ्याले काय झालं? काच खराब झाली ते दिसत नाही का तुले?"

बाईही काही कमी हट्टी नव्हत्या. "बरं. काच बदलू. नव्या काचेतूनही नाही दिसलं, त याल ना संग?"

"येईन."

शब्द मिळाला. पंजाबरावांनी चाळीस वर्षं फुलबाजारात धंदा केला, पण दिलेला शब्द कधी फिरवला नाही, हे सगळी अमरावती सांगेल.

अमरावतीचे काचवाले मात्र चौकटच काढायला निघाले. अॅल्युमिनियम लावा म्हणाले. शेवटी अकोल्याचा बंडू आला. त्याने चौकटीवर टिचकी मारली, लाकूड शंभर वर्षं जाईल म्हणाला, माप घेतलं आणि काचेची बंद जोडी तयार होऊन यायला तीन आठवडे लागतील असं सांगून गेला. ते तीन आठवडे मनकर्णाबाईंना घास गोड लागला नाही. रिद्धपूरच्या देवस्थानाच्या दिशेला रोज हात जोडून त्या एकच मागायच्या: दोष त्या काचेतच असू दे, देवा.

बंडू सांगितल्या दिवशी आला. धूळ उडेल म्हणून त्याने पंजाबरावांना मागे स्वयंपाकघरात बसवलं. पटाशीने लाकडी पट्ट्या अलगद सोडवल्या, जुनी जोडी उतरवली, खाच साफ केली, खाली रबराचे दोन तुकडे ठेवून नवी जोडी त्यावर टेकवली आणि बारीक चुका मारून पट्ट्या परत बसवल्या. मग खिशातली चुन्याची डबी काढली आणि बोटाने आतल्या बाजूला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पांढरीफेक फुली ओढली.

"हे कावून रे बंडू?"

"रिवाज हाय आमचा, काकू. नवी काच इतकी साफ रायते का मानूस तिच्यात डोकं घालते. फुली असली का समजते, इथं काच हाय. उद्या पुसून टाकजा."

तो हात धुवायला अंगणात गेला. मनकर्णाबाईंनी नवऱ्याला हाक मारली. पंजाबराव भिंतीला हात लावत आले, खुर्चीवर बसले आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ पाहत राहिले.

"वा," ते म्हणाले. "काय साफ झाली."

"झेंडू दिसते?"

"दिसते ना. रस्त्याच्या आंगाले पिवळा, विहिरीच्या आंगाले केशरी."

बरोबर होतं. लावणी त्यांच्याच सांगण्यावरून झाली होती.

"आन काचेवर? काचेवर काही दिसते?"

"काय दिसन? कोरी करकरीत हाय. एक डाग नाही."

मनकर्णाबाईंना रडू नाही आलं, राग आला. शब्दही फिरवायचा नाही आणि डॉक्टरकडेही जायचं नाही, म्हणून हा माणूस चक्क खोटं बोलत होता. त्यांनी त्याचा हात धरला, उचलला आणि बोट काचेवर टेकवलं. पंजाबरावांनी बोटाला लागलेलं अंगठ्यावर चोळून पाहिलं. उभा जन्म तंबाखू मळलेल्या माणसाला चुना ओळखू येणार नाही तर काय?

"केवढा लावला?" त्यांनी हळूच विचारलं.

"पुऱ्या काचेवर फुली हाय."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. त्याचा आवाज आत आला नाही.

"कवापासून?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"काच खराब व्हायच्या आधीपासून. उत्तमरावले झालं तेच मले होऊन राहिलं, हे मी वळखलं होतं. मंग ही काच धुरकट झाली, आन मले बरं वाटलं. कोनी इचारलं त सांगाले झालं."

"मले त सांगाचं होतं."

"सांगतलं असतं त तू डाक्टरकडं नेलं असतं. आन तो म्हनला असता का आता काही उपाय नाही. मंग?"

वेळेवर गेलो असतो तर, हे मनकर्णाबाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. आता ते बोलून कोणाचं भलं होणार होतं? त्या दारात गेल्या.

"बंडू, तुह्या गाडीत आमाले दोघाले जागा हाय का? अकोल्याले येतो."

"आत्ता, काकू?"

"आत्ताच."

त्यांनी खुंटीवरची टोपी आणून नवऱ्याच्या डोक्यावर ठेवली. "शब्द देला होता तुमी."

"येतो," पंजाबराव म्हणाले आणि गुडघ्यांवर भार देत उठले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी आधारासाठी सरळ बायकोकडे हात पुढे केला. मनकर्णाबाई त्यांच्या उजवीकडे उभ्या होत्या. हात डावीकडे पुढे झाला होता. खुर्चीला वळसा घालून त्या तिकडे गेल्या.