पोपटीतली पहिली शेंग

हैबतरावांना पोपटी लावता येते, असं खांब गावात कुणी म्हणत नसे. पोपटी लावावी तर हैबतरावांनीच, असं म्हणत. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं आणि भोवती जाळ. बाकीचे मडक्यावर पाणी शिंपडून अंदाज घेत बसत. हैबतराव नुसतं नाक वर करत आणि म्हणत, "झाली." मग पहिली शेंग सोलायची, फुंकर मारायची आणि चारचौघांची नजर चुकवून बायकोच्या हातात ठेवायची, हा त्यांचा लग्नाच्या वर्षापासूनचा रिवाज. सगळ्या गावाला तो ठाऊक होता, तरी चोरून मिळणाऱ्या त्या शेंगेचा हौसाला बेचाळीस वर्षं तोरा होता.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी पोपटी जाळली. करपल्याचा वास त्यांना आलाच नाही. गावानं मनसोक्त चेष्टा केली, हौसानंही दात काढले. त्या हसण्याची तिला आता लाज वाटते. कारण पुढं शेताची वाट हरवली, मग सुशीलचं, म्हणजे पोटच्या पोराचं नाव. यंदा दिवाळीनंतर हौसाच हरवली. "बाय, तुमी कोनाच्या?" असं तिला विचारतात, तेही मोठ्या अदबीनं.

पेणच्या डॉक्टरांना दाखवून परत येताना बी.एस्सी. करणारी नात सुरभी एसटीत तिला समजावत होती. हैबतराव खिडकीशी पेंगत होते.

"आजी, मेंदूत विचार करणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांना सांभाळणाऱ्या मदतनीस पेशीही असतात. खायला घालतात, कचरा काढतात. मेंदू ऑक्सिजनवर चालतो, पण त्यातून ठिणग्यासुद्धा उडतात. मदतनीस त्या विझवतात. वय झालं, कचरा साठला, की ठिणग्या आवरेनाशा होतात. मग मदतनीसच होरपळतात, आणि सांभाळायचं सोडून शेजारच्या पेशींनाच त्रास द्यायला लागतात."

"म्हंजे भांबुर्डा जळला," हौसा म्हणाली.

"काय?"

"पाला वला हाय तवर शेंगंला आच लागत नाय. पालाच जळला का त्याचाच धूर शेंगंत शिरतो."

"आजी, हे आमच्या सरांनाही सुचलं नसतं गो!"

"मग नवा पाला कुठं गावतो?"

सुरभीचं हसू मावळलं. "तो अजून कुणालाच सापडला नाही, आजी," ती म्हणाली.

पण हौसा ऐकणाऱ्यातली नव्हती. रविवारी तिनं बांधावरून ओझंभर भांबुर्डा आणला आणि मडक्यात दुप्पट कोंबला. सून अनिता म्हणाली, "आई, पोपटी करताय का काढा?" हौसा पाला कोंबतच राहिली. पाल्यानं मेंदू बरा होत नाही, हे तिलाही कळत होतं. तिला फक्त एकदा ती शेंग हवी होती. फार हवी होती.

ऊन कलताना जाळ लागला. हैबतराव ओंडक्यावर बसून बघत होते. जाळ ओसरला, मडक्यावरचं पाणी चर्रकन उडालं, तरी त्यांनी नाक वर केलं नाही. शेवटी अनितानंच मडकं काढलं आणि शेंगा पानावर ओतल्या. ओव्याचा वास सुटला. हौसाचा जीव टांगणीला लागला.

हैबतरावांनी हात पुढं केला. एक शेंग उचलली, सोलली, फुंकर मारली. बोटांना सगळं ठाऊक होतं. मग त्यांनी सगळ्यांवरून एक चोरटी नजर फिरवली. तीच, अगदी तीच. हौसानं पदराआडून तळवा पुढं केला.

त्यांनी मूठ मिटून मागं घेतली.

"तुमाला नाय, बाय. ही हौसाची हाय."

बेचाळीस वर्षांत त्यांनी चारचौघांत तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. हौसाला हुंदका आवरेना.

"द्या माज्याकडं," ती कशीबशी म्हणाली. "मी देते तिला."

"नाय. मीच देनार, हातात." त्यांनी वाटेकडं पाहिलं. "कुठं रायली ही? शेंग निवंल ना."

"येतेय ती," हौसा म्हणाली, आणि त्यांच्याशेजारी ओंडक्यावर बसली.

मग दोघंही तिची वाट बघत राहिली.