विसाव्याच्या आधी

खुशालने गळ्यातला पक्षाचा दुपट्टा काढला, जळत्या टायरवर टाकला आणि काठीने दाबून धरला. गावाच्या बूथवर वीस वर्षं साहेबाच्या पक्षाचं टेबल त्यानेच सांभाळलं होतं. त्याने टाकला म्हटल्यावर मागून दहा-बारा जणांनी टाकले. कापड सुती नव्हतं. ते जळण्याऐवजी वितळलं आणि त्याचे काळे थेंब डांबरावर पडत राहिले.

इश्वर रस्त्याच्या मधोमध तिरडीजवळ बसला होता. तिरडीवर त्याची बायको होती, बेबीबाई. काल पहाटे ती मोहफुलं वेचायला जंगलात गेली आणि वाघाने तिला मारलं. आज सकाळी दहाला पवनीहून चिरफाड होऊन प्रेत आलं, तेव्हा गावाने गाडी आसगावच्या फाट्यावरच अडवली. तिरडी तिथेच बांधली. दोनदा निवडून आलेला साहेब स्वतः येत नाही तोवर प्रेत उचलायचं नाही, असं ठरलं. कोणी ठरवलं ते इश्वरला माहीत नव्हतं. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

आता दोन वाजून गेले होते. ऊन डोक्यावर होतं. मुलगी रक्षा पुठ्ठ्याने माशा हाकलत होती. चादर एका बाजूला, उजव्या खांद्याच्या जागी, खाली बसली होती. तिकडे ती बघत नव्हती.

दिवाळीपासून वाघाने मारलेलं हे तिसरं माणूस. पहिल्या वेळी साहेबाने शेतांना कुंपण देतो म्हटलं. दुसऱ्या वेळी पिंजरा पाठवला. पिंजऱ्याला दार नव्हतं. दार मागून येणार होतं. तो अजून शाळेच्या मागे पडला होता आणि त्यात कोणीतरी शेळ्या बांधत होतं.

इश्वरने खुशालला हाताने जवळ बोलावलं.

"उचलू दे गा आता. वास येऊन राहिला."

"आता उचललं त कोणी ढुंकून पाहणार नाही, भाऊ," खुशाल म्हणाला. त्याचे डोळे धुराने लाल झाले होते. "थोडा दम धर. आज त्याले यावंच लागते."

साहेब आला नाही. वनखात्याची जीप आली.

जीपमध्ये ड्रायव्हर आणि वनरक्षक तुलाराम, दोघंच होते. तुलाराम सानगडीकडचा, तीस वर्षांच्या आतला पोरगा. इश्वरचा जबाब घ्यायचा म्हणून कागद घेऊन त्याला पाठवलं होतं, आणि पाठवणारे पवनीतच बसले होते. पहिला दगड काचेवर बसला. ड्रायव्हर शेतातून पळाला. तुलाराम पळाला नाही. कागदाची फाईल छातीशी धरून तो खाली उतरला, काहीतरी सांगायला लागला, आणि तेवढ्यात लोकांनी त्याला कॉलरला धरून ओढलं. बायकासुद्धा मारत होत्या. वीस-पंचवीस जणांनी जीपला हात लावला आणि ती हलवत हलवत नालीत उलटी केली. डिझेल वाहत रस्त्यावर आलं.

इश्वर उठला. खाकी कपडा त्याच्या डोळ्यांसमोर आला आणि पायात जोर आला. कडेला बैलं सोडलेली एक बंडी उभी होती. तिची उभारी, म्हणजे कडेचा सागवानी दांडा, त्याने उपसली. लोक बाजूला झाले. आजचा दिवस त्याचाच होता, असं सगळ्यांनी मानलं.

पहिला फटका तुलारामने हातावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा तोंडावर बसला. तुलाराम गुडघ्यावर आला आणि त्याने थुंकलं, त्यात दात होता.

"काका," तो म्हणाला.

इश्वरने तिसरा पाठीत मारला. चौथ्याला उभारी वर गेली तेव्हा म्हाताऱ्या सेवकरामने मागून त्याच्या कमरेला मिठी घातली.

"अरे कोणाले मारून राहिला? काल हाच बसला होता तिच्यापाशी. आम्ही जाईपर्यंत घंटाभर एकटा. वाघ समोर झुडपात गुरगुरत होता, अन् हा तिचाच डब्बा वाजवत बसला होता."

इश्वरने उभारी खाली टाकली. तिला रक्त लागलं होतं.

डब्याचं त्याला सांगायची गरज नव्हती. मोहफुलं पहाटे पडतात आणि ऊन चढण्याआधी वेचावी लागतात. या गावात ती जोडीने वेचतात. एकाने वाकून वेचायचं, दुसऱ्याने पाठीला पाठ करून उभं राहायचं आणि तेलाचा रिकामा डबा वाजवत चारी बाजूंना बघायचं. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं. पंचवीस मोसम बेबीबाईने वेचलं आणि इश्वरने वाजवलं. परवा संध्याकाळी खुशाल ट्रॅक्टर घेऊन दारात आला. पवनीला साहेबाची प्रचाराची सभा होती. मंडपात खुर्च्या लावायला पहाटेच निघायचं होतं. इश्वरने बायकोकडे पाहिलं. तिने भाकर थापता थापता सांगितलं, जाय तू, एका दिवसानं काय होते, मी एका हातानं वाजवीन अन् एका हातानं वेचीन. त्यालाही ते खरं वाटलं. निदान त्याने तसं वाटून घेतलं.

काल चारशे खुर्च्या लावून झाल्यावर त्याला फोन आला होता.

तुलाराम नालीच्या काठावर बसला. त्याला कोणी उचललं नाही, पण मारलंही नाही. रक्षा उठली, आपली ओढणी फाडून तिने त्याचा हात गळ्याशी बांधला आणि परत येऊन पुठ्ठा उचलला. बापाकडे तिने पाहिलं नाही.

तीन वाजता कैलाश आला. विरोधी पक्षाचा पवनीतला माणूस. पायात पांढरे बूट, सोबत मोबाईलवर बातम्या करणारा एक पत्रकार, आणि गाडीत दुपट्ट्यांचं नवं बंडल, दुसऱ्या रंगाचं. त्याने बंडल सोडायच्या आधीच लोकांनी हात पुढे केले. सकाळपर्यंत ज्यांना हा रंग डोळ्यांसमोर चालत नव्हता, ते एकमेकांच्या गळ्यात घालून देत होते. कोणीतरी म्हणालं, या दुपट्ट्यानं घाम तरी पुसला जाते. दोघे-तिघे हसले आणि तिरडीकडे बघून गप्प झाले.

कैलाश इश्वरजवळ उकिडवा बसला. खालच्या आवाजात त्याने आधी दुःख सांगितलं, मग काम. पत्रकार विचारेल, सोबत कोण होतं. तेव्हा सांगायचं, मी होतो. डबा वाजवत होतो, तरी नेलं. कारणही कैलाशनेच समजावलं.

"एकटी होती म्हणाल त ते काय म्हणतीन? बाई एकटी गेलीच कायले, चूक तिचीच. सारं सरकार सुटून जाईल, इश्वरभाऊ. अन् गावात तुमाले खोटं कोण पाडते? सारे आपलेच हायत."

बोलणं खोटं नव्हतं. साहेबाची माणसं तसंच म्हणतील, हे इश्वरला कळत होतं. त्यानेही मागच्या दोन मयतींच्या वेळी पारावर बसून तसंच म्हटलं होतं. आता एक शब्द बोलला असता तर बेबीबाईला बोल लागला नसता. त्यालाही लागला नसता.

पत्रकाराने मोबाईल तोंडासमोर धरला आणि विचारलं. मोबाईलच्या पलीकडे नालीच्या काठावर तुलाराम तोंड पुसत बसला होता.

"एकटी होती," इश्वर म्हणाला. "मी पाठीमागं उभा असाले पायजे होतो. मी साहेबाच्या सभेच्या खुर्च्या लावाले गेलतो."

कैलाश उठला आणि पँटची धूळ झटकत म्हणाला की आता तुमचं तुम्ही पाहा. पत्रकाराने मात्र व्हिडिओ तोवर सगळीकडे पाठवला होता. खुशाल टायरपासून दोन पावलं मागे सरकला.

"मीच नेलं होतं त्याले," तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळलं नाही.

सकाळपासून ज्याचा फोन लागत नव्हता, तो साहेब अर्ध्या तासात आला. तीन गाड्या, पुढे पोलीस. लोकांच्या हातात दगड होतेच. साहेब गाडीतून उतरला तो थेट इश्वरकडे गेला आणि सगळ्यांसमोर त्याला मिठी मारली. त्याच्या कपड्यांना अत्तराचा वास होता. तो म्हणाला, इश्वरभाऊ, पाहिलं मी. तुमच्यासारखी खरी माणसं आहेत म्हणून आम्ही आहोत. मग वळून त्याने लोकांना सांगितलं की जंगलात एकटं जाऊ नका असं आपण पहिल्यापासून सांगत आलो.

गर्दी हलली. एक दगड पोलिसाच्या हेल्मेटवर वाजला. लाठ्या वर झाल्या. सेवकरामच्या कपाळावर एक बसली आणि म्हातारा खाली बसला. आता इश्वरने नुसतं बोट दाखवलं असतं, तरी साहेबाची गाडी जीपवर जाऊन पडली असती. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"तुमी येणार होते, आले," इश्वर साहेबाला म्हणाला. "आता खांदा द्या."

साहेब लगेच तयार झाला. त्याने पुढचा डावा दांडा खांद्यावर घेतला. खुशाल उजवीकडे लागला, मागे दोघं लागले. तिरडी उचलल्यावर लोकांच्या हातातले दगड आपोआप खाली पडले.

इश्वर विस्तवाचं मडकं घेऊन पुढे चालला. मडकं धरणाऱ्याने मागे बघायचं नसतं. त्याच्या पुढे मोबाईल धरलेली पोरं उलटी चालत होती, त्यांची तोंडं तेवढी त्याला दिसत होती. फाटा सुटला, गाडरस्ता लागला. पोरांनी एकेक करून मोबाईल खाली घेतले. त्याच वेळी मागे तिरडी कलल्यासारखा आवाज झाला, कोणाचे तरी पाय घासले, आणि रक्षा ओरडली, आई पडन. मग सारं सावरलं. थोड्या वेळाने फाट्यावर गाड्यांची दारं लागली.

चिंचेखालचा विसावा अजून दोनशे पावलांवर होता. खांदा घेतला की विसाव्यापर्यंत सोडायचा नाही, तिथे तिरडी ठेवून मग खांदे बदलायचे. हे पोरासोरांना माहीत असतं. घामाने अंगरखा भिजला तरी, दुश्मनाची मयत असली तरी माणूस विसाव्यापर्यंत जातो. मागे शिव्यासुद्धा थांबल्या होत्या. नुसती पावलं वाजत होती, आणि ती सकाळच्या आरडाओरड्याहून जड वाटत होती.

विसाव्याला तिरडी खाली ठेवली तेव्हा इश्वर वळला. पुढच्या डाव्या दांड्याशी तुलाराम उभा होता. एक हात ओढणीत, दुसरा दांड्यावर. हनुवटीवरचं रक्त वाळलं होतं. तो धापा टाकत होता.

इश्वरने मडकं दुसऱ्या हातात घेतलं.

"आता मांगं लाग," तो म्हणाला. "मांगं भार कमी असते."

तुलाराम मागे गेला.

दहाव्या दिवशी मतदान आलं. नदीवर डोकं भादरून, पिंड देऊन इश्वर ओल्या धोतरानेच शाळेत गेला. रांगेतल्या लोकांनी त्याला पुढे जाऊ दिलं. कोणाच्या गळ्यात कोणताच दुपट्टा नव्हता आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. खुशाल दाराशी उभा होता. त्याने नुसती मान हलवली.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे इश्वर मशीनसमोर उभा राहिला. बोट सवयीने वरून दुसऱ्या, साहेबाच्या बटणावर गेलं. ते त्याने उचललं आणि खाली, कैलाशच्या पक्षाच्या चिन्हावर आणलं. कैलाश काही कुंपण घालणार नाही. खोटं वदवून घ्यायला तो कसा जवळ बसला होता, ते इश्वर विसरला नव्हता. पण डावा दांडा कोणी सोडला, तेही विसरला नव्हता.

त्याने बटण दाबलं. दिवा लागला, आवाज सुरू झाला. तो पूर्ण थांबेपर्यंत इश्वरने बोट काढलं नाही.