शार्पचे अकरा अर्थ

सासू-सून एकाच दवाखान्यात, एकाच कामाला. म्हणजे घरचं भांडण इथे येणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. तसलं काही झालं नाही. मोठ्या बाई तेवीस वर्षं डॉक्टर आणि पेशंट यांच्या मधल्या खुर्चीत बसत होत्या. डॉक्टरांचं इंग्रजी मराठीत सांगायचं, पेशंटचं मराठी इंग्रजीत. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, तेही दुसऱ्या खेपेला. सून एम.ए., पहिला वर्ग. पण सासूबाई कामाला बसल्या की ती तोंडात बोटं घालून बघत राही.

एकट्या 'शार्प'चं घ्या. सुनेनं त्याचे अकरा अर्थ वहीत उतरवून पाठ केले होते. सुरीची धार, रस्त्याचं वळण, पोराची बुद्धी, चढा सूर, दहाचा ठोका आणि काय काय. सासूबाईंकडे वहीच नव्हती. दुखणं शार्प आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं, की त्या आधी माणसाच्या कामाची चौकशी करत. शिवणकाम करणारीला सुई आठवायला लावत, स्वयंपाकिणीला चटका. मग ती बाई आपसूक सांगे, कळ येते की ठणका लागतो, चमक मारते की नुसती रग लागते. शिकवण्यात मात्र मोठ्या बाई महाकंजूष. बघ आणि शीक, एवढंच म्हणायच्या.

त्या दिवशी सासूबाई रजेवर होत्या आणि खुर्चीत सून एकटी. एक गवंडी आला, पोटावर हात ठेवून, पण ताठ. डॉक्टरांनी शार्पचं विचारलं. सुनेनं अकरांतला शोभेलसा अर्थ काढला आणि दुखणं तीव्र आहे का, असं विचारलं. गवंडी ओशाळून हसला. तीव्र कसलं, थोडंसंच आहे म्हणाला. पोट दाबलं तेव्हाही पठ्ठ्यानं हूं की चूं केलं नाही. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि तो गेला.

पुढचा पेशंट बसला, पण सुनेचं लक्ष लागेना. कामाचा दिवस, आणि गवंड्याच्या नखांत सिमेंटचा कणही नव्हता. ती "आलेच" म्हणत उठली आणि जिना उतरून धावत सुटली. गवंडी फाटकाबाहेर फुटपाथच्या कडेला बसला होता, घामानं निथळत.

"दादा, शेवटची वीट कधी लावलीत?"

"परवा. वाकलो की आतून सुरी ओढल्यासारखं होतं, बाई. थापी दोनदा हातातून पडली."

मग मघाशी सांगितलं का नाही, असं तिनं विचारलं.

"तीव्र म्हणजे माणूस मरायला टेकल्यावर म्हणतात, असं वाटलं."

दंडाला धरून तिनं त्याला परत नेलं. माझंच विचारायचं चुकलं, असं रांगेतल्या सगळ्यांदेखत डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर खेकसले, पण त्यांनी पुन्हा तपासलं. दुपारी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. संध्याकाळपर्यंत फुटलंच असतं म्हणाले. गवंडी वाचला.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या, त्यांचा हात थांबला.

"माझ्या पहिल्या वर्षी एक रंगारी आला होता. थोडंच दुखतंय म्हणाला. काहीतरी चुकतंय, हे मलाही कळलं होतं गं. पण डॉक्टरांसमोर चूक कबूल करायची लाज वाटली. मी खुर्चीतून उठले नाही."

रंगाऱ्याचं पुढे काय झालं, हे विचारायचा सुनेला धीर झाला नाही. सासूबाईंनी घडी घातलेला टॉवेल उलगडला आणि पुन्हा घडी घालायला घेतली.

"तू उठलीस," त्या म्हणाल्या.

आजवर सुनेला त्यांचं नुसतं नवल वाटायचं. आज पोटातून माया आली. ती त्यांच्या शेजारी खाली बसली आणि ढिगातला एक सदरा ओढून घडी घालू लागली.