रिकामी पिशवी

माले गावात हैबतरावांचा शब्द खाली पडत नसे. बांधाचा तंटा असो की पोरीची सोयरीक, त्यांना बोलावल्याशिवाय कुणी बैठक मांडत नसे. अशा माणसावर एकाहत्तराव्या वर्षी सुनेच्या गाडीत मागच्या सीटवर चोरासारखं बसायची पाळी आली.

प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता. वीस दिवस रोज पुण्याला जाऊन किरणं घ्यायची होती. मुलगा इंद्रजित कंपनीच्या कामानं परगावी, म्हणून नेणं-आणणं सून सायलीकडे आलं. डॉक्टरांनी दोघांना बसवून समजावलं होतं. किरणं सोडण्याआधी रोज मशीनवरच पोटाच्या आतला फोटो निघणार. त्या वेळी लघवीची पिशवी भरलेली हवी, म्हणजे तिचा बराचसा भाग आणि आतडी किरणांच्या वाटेतून बाजूला राहतात. तो पहिल्या दिवसाच्या फोटोशी जुळला नाही, तर त्या दिवशी किरणं नाहीत. म्हणून गाडी भुकूमला आली की अर्ध्या लिटरची बाटली संपवायची आणि पोचून आत घेईपर्यंत धरून ठेवायचं.

धरून ठेवायचं, हेच तर म्हाताऱ्याला जमत नव्हतं. पहिले सहा दिवस त्यांनी दात आवळून निभावले. सातव्या दिवशी भूगावच्या गर्दीत गाडी अडकली आणि थोडं निसटलंच. उपरणं मांडीवर ओढून त्यांनी ते झाकलं. बायको रत्नाबाई असती तर तिच्याजवळ बोलले असते, पण तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. सुनेला असलं सांगण्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्यांना खरोखरच वाटे.

मग शहाण्यानं युक्ती काढली. थैलीत तशीच एक रिकामी बाटली ठेवायची, भरलेली आत सारायची आणि रिकामी पुढं करून म्हणायचं, प्यालो बघ. दवाखान्यात पुन्हा पाणी दिलं, तर तो ग्लास गुपचूप झाडाच्या कुंडीत जाई. सून फसली, फोटो फसला नाही. किरणं न घेताच माघारी यावं लागलं.

तिसऱ्यांदा परत पाठवलं तेव्हा सायली मशीनवरच्या शैलेशवर तुटून पडली. मामांची बाटली रिकामी झालेली मी स्वतः पाहिली, तुमचंच मशीन बिघडलं असेल, म्हणाली. हैबतराव शेजारी मान खाली घालून बसले होते. आपल्या पापाची बोलणी एका निरपराध पोराला बसतायत हे दिसत होतं, तरी तोंड उघडेना. अख्ख्या गावाचे तंटे सोडवणारा माणूस, पण स्वतःच्या वेळी उपरण्याचं टोक चिवडत राहिला. शेवटी शैलेशनं सायलीला कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ नेऊन दोन फोटो दाखवले. पहिल्या दिवशीची पिशवी टम्म भरलेली, आणि आजची लिंबाएवढी. सायली बाहेर आली आणि थेट गाडी काढायला गेली.

त्यानंतरही काही बदललं नाही. ती समोर बघून गाडी चालवी, ते मागं बाटल्या बदलत. त्या आठवड्यात एक दिवस कसंबसं जमलं, चार दिवस वाया गेले. मग डॉक्टरांनी दोघांना बोलावून घेतलं. मध्ये खंड पडला की गाठीला उसंत मिळते, म्हणाले. सात दिवस बुडालेत. त्याची भरपाई होईल की नाही, ते आज कुणीच सांगू शकत नाही.

परतताना भूगावला गाडी पुन्हा अडकली. हैबतराव पुढच्या सीटच्या पाठीकडं बघत राहिले. मरणापेक्षा हे अवघड जात होतं, पण मरणही आता जवळच येऊन बसलं होतं.

"सायली, पानी मी पीतच न्हाई. धरवत न्हाई मला," ते म्हणाले. "ल्हान पोरांना बांधत्यात, तसलं कायतरी आण माझ्यासाठी."

पुढची गाडी हलली, मागून हॉर्न वाजायला लागले, तरी तिनं गाडी पुढं घेतली नाही.

"आणलंय, मामा," ती म्हणाली. "फोटो बघितला त्याच दिवशी. धुणं मीच धुते, त्याचा अर्थ तवा लागला. आठ दिवस झालं, डिकीत पडलंय. तुमाला कसं म्हणायचं, तेच जमंना मला."